कंपासपेटी

सावद्यात, केळी पिकवायच्या चेंबरवर
एक माळा होता, चुडामणच्या काकांचा.
खाली कच्चे घड थंडीत बंद,
वर आम्ही चौघं लोडशेडिंगच्या घामात,
खताच्या कॅलेंडरामागे काढलेला नकाशा पसरून.
वीस बाजूंचा फासा इकडे कुठला मिळायचा?
हाउजीच्या एक ते वीस सोंगट्या
स्टीलच्या पेल्यात खुळखुळवायचो.
"हात घाल. बघू नको."

खेळ मी चालवायचो. राक्षस माझे, वादळं माझी,
धर्मशाळेतला खोटं बोलणारा म्हातारा माझा.
आणि एक नियम, तोही माझाच:
प्रत्येक पात्राला जन्मजात एक गुण,
ज्याचा त्यालाच ठाऊक नसलेला.
तो मी चिठ्ठीवर लिहून कंपासपेटीत ठेवणार.
वेळ आली तर कळेल.
नाही आली तर नाही.

सुभान तडवीचा तिरंदाज
तीनच्या वर सोंगटी काढायचाच नाही;
बाण झाडाला, घोड्याला, एकदा चुडामणला.
पण वाळूच्या मुलखात पखाली फुटल्या
तेव्हा मी पेटी उघडून वाचलं:
'याला खडकाखालचं पाणी ऐकू येतं.'
सुभान काही बोलला नाही.
जिना उतरून गेला, बराच वेळ आला नाही.
पालकडे, त्याच्या पाड्यावर
बायका तेव्हा रात्री झिऱ्यापाशी नंबर लावायच्या.
लिहिताना मला हे माहीत होतं का?
आठवत नाही.

चुडामणच्या सरदाराला
मेलेल्या लिप्या वाचता यायच्या.
आणि चुडामण प्रत्येक गुहेच्या तोंडाशी म्हणायचा,
"तुम्ही जा आत. मी घोडे धरतो."
दोन उन्हाळे घोडे धरले त्याने.
आत भिंतीच्या भिंती मी अक्षरांनी भरायचो,
बाहेर तो चंदी घालत बसायचा.
सगळ्या घोड्यांना त्याने नावं ठेवली होती.
मला अजून पाठ आहेत.

राहिली मोहिनी भारंबे. तिची चोरटी, 'घूस'.
तिची चिठ्ठी लिहायला बसलो आणि वीज आली,
पंखा फिरला, कागद उडाले, खालून कोणी हाक मारली.
कोरीच घडी घालून टाकली पेटीत.
उद्या लिहू.

"माह्या चिठीत काय हाये रे?"
"वेळ आली की कळेल."
मग तिने वेळच आणायला घेतली.
कावळ्यांशी बोलून पाहिलं. विष चाटून पाहिलं.
मंत्र उलटे म्हटले, किल्ल्याच्या तटाला कान लावले.
राजाच्या तेराव्याला न बोलावता गेली
आणि अशी रडली
की राजपुत्राने स्वतःच्या हाताने अंगठी काढून दिली.
दर वेळी मी पेटी किलकिली करून
गंभीर चेहऱ्याने आत बघायचो.
"हे नाही."
"जवळपास हाये का?"
"जवळपास आहे."

परवा आली होती. भुसावळला मालगाडी चालवते आता.
डोळ्यांखाली रात्रपाळी, हातात केळीच्या वेफर्सची पिशवी.
चुडामण कुठे असतो, तिलाही माहीत नव्हतं.
मग एकदम, "ती पेटी आहे का रे?"
होती. दुकानातच, बियाण्याच्या बिलांखाली,
झाकण गंजून घट्ट बसलेलं.
तिनेच उघडलं, नाण्याच्या कडेने.

घडी उलगडली. सुलट. उलट.
ट्यूबलाइटसमोर धरली.
मी तोंड उघडलं, आता सांगून टाकावं म्हणून,
तेवढ्यात तीच म्हणाली,
"लिंबाच्या रसानं लिहिलं व्हतं ना? लबाड."

चहाचा स्टोव्ह पेटता होता.
जाळाच्या वीतभर वर, बोटं भाजू न देता,
ती कागद हळूहळू फिरवू लागली.
एका कोपऱ्याला तपकिरी रंग चढला.
"थांब," ती म्हणाली, "येऊन राह्यलं."

मीही चष्मा पुसून
वाकलो.