मोहरकीचं भोक

बुलबुल गेली त्याला आज नव्वद दिवस.
मी मोजत नव्हतो,
दस्तगीर नालबंदाच्या वहीत तारीख निघाली :
चार नाल, पैकी पुढचे दोन उधार.
पैसे द्यायला गेलो तर घेईना.
म्हणाला, नव्या जनावराच्या वेळी बघू.

टेबललँडवर ज्याच्या त्याच्याकडे उत्तर तयार.
इनूस म्हणतो, चाळिसावा झाला की आणायचा,
माणसाला लावतो तोच हिशेब.
बाजी जंगम म्हणतो, दिवाळीच्या आत आण,
गिऱ्हाईक काय तुझं सुतक पाळणार आहे?
वाईचे डॉक्टर, रात्रभर तिच्या पोटाला कान लावून बसले होते ते,
म्हणाले, रिकामा तबेला माणसाला खातो.
सासरे म्हणाले, घाईत आणलेलं जनावर
आणि घाईत जुळवलेली सोयरीक,
आणि पुढचं बोलले नाहीत,
मालन चहा घेऊन आली होती.

मेढ्याला एक बघून आलो.
कुमैत, चार वर्षांचा, भोवरे जागच्या जागी,
दात बरोबर, पाय कोरडे.
मालकानं दुडकी दाखवली, मग भरधाव.
मी आपला बघत होतो त्याचा उजवा कान.
बुलबुल तो मागे पाडायची, मी खोटं बोललो की.
"ताजी आहे साहेब, पहिलीच फेरी,"
की पडला कान.
ह्याचा कान सरळच.
काही खोट सापडली नाही त्यात,
म्हणून परत आलो.

मागच्या रविवारी एक बाई आल्या, मुलाला घेऊन.
मोबाईलमध्ये फोटो : तोच मुलगा, तीन वर्षांचा,
बुलबुलच्या पाठीवर, तोंड वाकडं करून रडणारा.
लगाम धरलेला हात माझा, डोकं फोटोत बसलेलं नाही.
"हिच्यावरच बसायचंय त्याला. वर्षभर हेच चाललंय."
मी म्हणालो, ती सुट्टीवर आहे.
आजूबाजूला सात घोडी उभी होती.
एकीचाही कान हलला नाही.

घरी वेगळीच तऱ्हा.
रोज रात्री मापटंभर हरभरा भिजत घालतो.
मी नाही घालत, हात घालतो.
सकाळी मालन काही न बोलता उसळ टाकते.
तीन महिने आम्ही बुलबुलच्या वाटणीचं खातोय.
धाकटी म्हणाली, अब्बा,
उद्या शाळेत मीच खिंकाळणार बघा.
हसलो सगळे.
तबेल्यातून कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा
हसणं जरा लवकर संपलं.

परवा विसरलो.
जेवलो, बातम्या बघितल्या, झोपलो,
हरभऱ्याची आठवणच नाही.
पहाटे जाग आली ती त्याच धक्क्यानं.
ती गेली तेव्हा डॉक्टर होते, इनूस होता, कंदील धरायला माणसं होती.
हे तिचं दुसरं जाणं,
आणि मी घोरत होतो.
उंबऱ्यावर बसून राहिलो, पाय गार पडेपर्यंत.

मालन आली, हातात पातेलं.
हरभरे टपोरे फुगलेले, एकाला मोडही.
"मी घातले रात्री," म्हणाली.
मग पदरानं पातेल्याची कड पुसत,
"आज उसळ नाही करायची.
तोबऱ्यात भरून मेढ्याला न्या.
खातो का बघा आधी."

मोहरकी खुंटीवरून काढली.
आतल्या बाजूला करडे केस अजून चिकटलेले,
ते तसेच ठेवलेत.
ह्या घोड्याचं तोंड निमुळतं,
तिसऱ्या भोकावर पट्टा ढिला पडणार.
ते भोक लांबट झालंय तिच्या ओढीनं,
बकलाच्या जिभेला तिथली सवय.
अलीकडे एक नवं पाडावं लागेल, बोटभर अंतरावर.

दाभण शोधतोय.
मालन म्हणते फळीवर, पत्र्याच्या डब्यात,
डब्यात बटणं आहेत, एक जुना नाल आहे,
दाभण नाही.
बाहेर धुकं इतकं की पठाराची कड दिसत नाही.
मेढ्याची एसटी दहाला.
अजून वेळ आहे.