नवतपा

मे सरत आला की या गावाला चेहरा नसतो.
सक्करदऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत
प्रत्येक स्कुटीवर गुंडाळलेलं एक डोकं,
डोळ्यांपुरती फट, तीवर काळा गॉगल.
सख्खी नणंद शेजारून गेली तरी
हॉर्न वाजवल्याशिवाय ओळखू येत नाही.

माझी आई या दिवसांची वाट बघायची.
नवतपा लागला की म्हणायची,
जा आता कुठं जायचं तिथं.
एरवी माझा दुपट्टा लोकांना दिसायचा.
डिसेंबरात. संक्रांतीच्या हळदीकुंकवात. वर्गात.
नंदनवारबाई म्हणायच्या, काढ तो.
मी काढला की म्हणायच्या,
बरं, राहू दे.

पहिला डाग भुवईत उतरला तेव्हा मी नऊ वर्षांची,
मग ओठाच्या कडेला, मग हनुवटीवर,
मग मोजणं सोडलं.
धंतोलीच्या डॉक्टरांचं मलम,
मामीचं बावचीचं तेल,
ते लावून गच्चीवर दहा मिनिटं,
घड्याळ आईच्या हातात.
फोड आले. रंग आला नाही.
आणि आंबट बंद.
लिंबू, चिंच, दही, कैरी.
कोणी सांगितलं ते कुणालाच आठवत नाही,
पण अकरा वर्षं मी वरणभात
लिंबाशिवाय गिळला.

कुणी म्हणालं नकाशा, कुणी ढग.
एक मुलगा म्हणाला, चांदणं सांडलंय.
त्याला हो म्हणता म्हणता राहिले.
दोन अक्षरांचा साधा शब्द आहे, कोड.
आमच्या घरात तो कुणी उच्चारत नसे.
भाचीचं कोडकौतुकसुद्धा
नुसतं कौतुक व्हायचं.

आज व्हरायटी चौकात
सिग्नलवर हिरवी जाळी ताणलेली.
तिच्या भोकांतून ऊन गळत होतं,
हवालदाराच्या गालावर, ऑटोवाल्याच्या दंडावर,
पांढरे पांढरे ठिपके.
त्यांना पत्ता नव्हता.

मी स्कुटी कडेला घेतली, शरबताच्या गाडीशी.
मागची गाठ सोडली, मग हनुवटीखालची.
"काय झालं वो ताई तोंडाले? भाजलं काय?"
"नाही. कोड आहे. दोन लिंबं पिळा."
"दोन? लय आंबट होईन ना."
"होऊ द्या."
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहू दिलं.
मग तो लिंबाकडे वळला,
बिया काढायच्या होत्या.

पहिला घोट दाढांत शिरला.
माझं तोंड नक्कीच वेडंवाकडं झालं असणार.
आंबटानं सगळ्यांचंच होतं.
शेजारच्या स्कुटीवरची मुलगी
तिच्या फटीतून बघत राहिली,
मग तिनंही गाठ सोडली,
म्हणाली, भैया, एक मला पण.
साखर जास्त.

ग्लास दिला, वीस रुपये दिले,
दुपट्टा पुन्हा बांधला
कपाळावरून, नाकावरून, घट्ट.
पारा सेहेचाळीसवर आहे
आणि अजनी अजून लांब.
ऊन लागतं.
एवढंच कारण.