धारक

दर बुधवारी, जुना बाजार उठायच्या सुमारास
उकिडवे जिना चढून येतात.
रविवार पेठेत माझी रत्नपरीक्षेची खोली,
खाली बोहऱ्यांचं पत्र्याचं दुकान, दिवसभर ठोकाठोक,
त्यामुळे माझा तराजू कधी निमूट उभा राहत नाही.

सतरा वर्षांत त्यांनी आणलेलं जेड :
हिरवी काच, रंगवलेला संगमरवर,
एकदा शंखजिरं, एकदा तर चक्क साबण.
मी चिठ्ठीवर ‘नाही’ लिहायची.
ते घडी घालून खिशात ठेवायचे,
जसं काही चिठ्ठ्याच जमवायला आलेत.

आज मूठ उघडली, तर तळहातावर डुक्कर.
बोटाएवढं, लांबुळकं, भिजवलेल्या मुगाच्या रंगाचं,
पोटाखाली तांबूस डाग.
डोळा म्हणजे एक रेघ, पाय म्हणजे दोन खाचा,
मोजून आठ घाव, त्यात अख्खं जनावर.
“तोट्या नि कुलपांच्या ढिगात होतं.
दोनशे चाळीस म्हणत होता, दोनशेला दिलं.”

हवेत वजन. मग दोऱ्यानं बांधून पाण्यात.
पाण्यात सगळेच हलके होतात,
किती होतात, त्यावर दगडाची जात ठरते.
दोन पूर्णांक नऊ पाच.
पुन्हा केलं.
खालचा हातोडा थांबायची वाट बघून तिसऱ्यांदा केलं.
“आहे,” मी म्हटलं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म काढलेला माणूस.
खाली बसला, पाणी मागितलं.

मग सांगत सुटले.
तिकडे, चीनमध्ये, दोन हजार वर्षांमागे
मेलेल्याच्या दोन्ही मुठींत असं एकेक डुक्कर देत.
रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून.
आपल्याला तर पाळण्यातच उलटं शिकवतात.
आणि छिन्नी चालत नाही हो या दगडावर,
वाळू आणि पाणी घेऊन घासत बसायचं, महिनोन्‌महिने,
जो बघणार नाही त्याच्यासाठी.

बोलता बोलता अडले.
“म्हणजे कुणीतरी बोटं उकलली असणार.
एकेक करून.”
मी दोरा गुंडाळत राहिले.
“दुसऱ्या हातातलं कुठे असेल?”

प्रमाणपत्र भरायला घेतलं.
वय : सांगता येत नाही.
वाळू कधी लागली ते तराजूला कळत नाही,
मागच्या दिवाळीतही कुणी घासलं असेल.
हे मी बोलून दाखवलं. ते हो म्हणाले,
त्यांना ते सतरा वर्षं ठाऊक होतं.
मालक :
“मालक नको,” म्हणाले. “धारक लिहा.”

छापील शब्द खोडला, वर बारीक अक्षरात लिहिलं.
फी द्यायला पाकीट डाव्या हातानं काढू लागले,
नाणी घरंगळली, एक कपाटाखाली गेलं, जाऊ दे म्हणाले.
उजवी मूठ उघडली नाही.

जिन्यात अंधार असतो, पायऱ्या झिजलेल्या.
कठडा धरा, उकिडवे, मी ओरडले,
पण खाली पुन्हा ठोकाठोक सुरू झाली होती.