तोंड

पत्र्याच्या डब्यात मोपानेचं रोप घेऊन आली नेलागो
औटापीहून, दोन दिवस बसमध्ये मांडीवर धरून.
क्विसेब नदीच्या कोरड्या काठाला ते काही मानवलं नाही.
काडी उपटून चुलीत घातली,
डबा राहू दिला. माती घरची होती.

मार्चमधल्या एका रात्री ती माती हलली.
तळहाताएवढी पाकोळी, अंगावर तांबूस लव,
मागच्या पंखांवर दोन नारिंगी डोळे
टक्क उघडे.

नेलागो ओळखते तिला. तिच्या कुळातल्या अळ्या
उकडून, मीठ लावून, वाळवून
पोत्यांनी विकल्यात आईनं;
शाळेची फी त्यातूनच गेली.
‘हिला आता तोंड नाही,’ ती ओटनीएलला सांगते,
‘खायचं ते लहानपणीच खाऊन झालं.
आता तीन-चार रात्री, आणि कुणाची तरी वाट.’

ओटनीएल गाढवावरून नाराची फळं उतरवत होता.
‘तोंड नाही? मग देवानं दिलं तरी काय?’
‘वास. मैलभरावरून नर येतात.’
‘इथे मैलभर वाळू आहे, पोरी.’

पहाटे त्यानं तिला टेकडीवर नेलं,
जिथे एरवी ती फोनची रेंज शोधत चढते.
समुद्राकडून धुकं येत होतं.
वाळूच्या धारेवर भुंगेरा, काळा, बोराच्या बीएवढा,
बूड आभाळाकडे, डोकं खाली.
पाठीवर थेंब धरला, फुगला, ओघळला,
थेट तोंडात.
उडणं नाही, कुणाला साद घालणं नाही,
पाठीचीच पन्हळ केलेली.
‘हा आमच्यातला,’ ओटनीएल हसला.
त्याचे पुढचे दात कधीच गेलेत.

तिसऱ्या रात्री धुकं खोपटापर्यंत उतरलं.
डब्याच्या काठावर पाकोळी,
लवेच्या केसाकेसावर पाणी,
दोन्ही नारिंगी डोळे डबडबलेले.
भुंगेऱ्याला महिनाभर पुरेल एवढं अंगावर घेऊन
ती कोरडी बसली होती.
नेलागोला हसू आलं,
मग ते तिथेच राहिलं, ओठांशी.

सकाळी काठाला अंडी चिकटलेली, पांढरी, उगाचच.
खाली वाळूत एक भुंगेरा, कालचाच असेल असं नाही,
सुटा पंख ओढत निघालेला,
अडखळत, थांबत, पुन्हा ओढत.
तिनं पाय उचलला होता.
तो बाजूला टेकवला.

दुपारी टेकडी चढून तिनं घरी फोन लावला.
वारा फार होता.
‘काय खाल्लंस?’ आईनं विचारलं,
नेहमीसारखंच, सगळ्यात आधी.