थुंकायचं असतं, म्हणे

सलग तीन सफारी वाघ दिसला नाही.
चौथ्या दिवशी मार्गारिदाबाई गेटवर आल्याच नाहीत.
ओट्यावर बसून म्हणाल्या,
तेजराम, तुमच्याकडे लोक पितात काय?

मी म्हटलं, चहा.
त्या हसल्या. पोर्तुगालात म्हणे
माणसं गाडीत बसून मळ्यामळ्यानं हिंडतात,
घोटभर इथं, घोटभर तिथं,
मग फोटो, मग बिल.
तिकीट असतं त्याला, दुपारचं जेवण धरून.
पंचवीस वर्षं त्यांनीच हिंडवलं परक्यांना
बापाच्या द्राक्षांमधून,
नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतातून.
मळा परवाच विकला.
आता मी गिऱ्हाईक, म्हणाल्या.

काढली बोलेरो.
पहिल्या घरच्या दारूला डिझेलच्या कॅनचा वास.
बाईंनी वहीत लिहिलं काहीतरी, खाली दोन रेघा मारल्या.
दुसऱ्या घरी म्हातारा स्वतःच चाखत बसलेला,
आमच्यापुरती उरली नव्हती.

तिसरं घर सुकवंताबाई कुंभऱ्यांचं, टोलीच्या शेवटाला.
अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली,
मनुकांच्या रंगाला आलेली.
बाईंनी एक उचललं, दातानं तोडलं,
डोळे मिटून आपल्या भाषेत बोलल्या काही,
ते मला इंग्रजीत करून दिलं नाही.

"दारूबंदीवाली त नाही ना जी हे?"
नाही वो मावशे, पाहुणी होय.

चुलीवर मडकं, मडक्यावर मडकं,
वरच्यात गार पाणी,
बांबूच्या नळीतून धार, करंगळीहून बारीक.
सुकवंताबाईनं चिमूटभर भुईवर शिंपडली,
चिमूटभर जाळात टाकली.
निळी जीभ लपकली, मिटली.
हेच तिचं लेबल.

पळसाचा दोना बाईंनी पेल्यासारखा फिरवला,
अर्धी मनगटावर सांडली.
नाक खुपसलं,
ओठांतून हवा ओढत
चूळ भरावी तशी गालागालांत घोळवली
आणि बाजूला वळून
थुंकल्या.

कोंबडीसुद्धा थांबली.

"थुकली काहून जी? सडली का माही दारू?"

आता, मी गाईड.
"काल इथंच बसला होता, मॅडम"
हे वाक्य मी वर्षातून दोनशे वेळा म्हणतो.
म्हटलं, मावशे, त्यांच्यात पहिला घोट
भुईला देतात. बुढ्यांच्या नावानं.

तिनं ओल्या डागाकडे पाहिलं.
माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
"देतेत त आमच्यातबी.
पर हिचे बुढे बिनदातांचे होयेत का,
चावून द्या लागते?"

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं,
माझ्या खोट्यासकट.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, गिऱ्हाइकांना फिरवणाऱ्यानं गिळायचं नसतं,
बापानंच शिकवलं होतं.
त्याची कुठलीच दारू माझ्या पोटात गेली नाही, तेजराम.
सगळी थुंकले.

मग दोना पुढे केला.
बोटांनी दोन थेंब भुईवर,
बाकी एका दमात आत.
खोकल्या, डोळे वाहिले.
सुकवंताबाईनं पाठीवर थाप मारली
आणि फुटाणे दिले ओंजळभर.

वहीचं ते पान कोरं राहिलं,
दोन्याच्या बुडाचा एक ओला गोल सोडून.

किती द्यायचे, बाईंनी विचारलं.
"पाहुन्याचे का घेऊ?"
आम्ही उठलो तशी पुन्हा हाक आली,
"ते बिसलेरीची खाली शिशी ठेवून जा म्हना.
झाकनासकट."

परतताना बाई झोपल्या, डोकं काचेला.
जंगलाच्या वळणावर मी दिवे बारीक केले.
वाघ आडवा गेला असता
तरी उठवलं नसतं.
सकाळी सांगितलं असतं,
काल इथंच होता, मॅडम.