टाकी नंबर तीन

(रबाळे, रात्रपाळी)

मृण्मयी, आधी सांगते :
इथे वास आला तर ती चूक असते.
पळायचं. विचारायचं नाही.

पिवळ्या उजेडात तुझे डोळे
कावीळ झाल्यासारखे दिसतायत. माझेही दिसत असतील.
बाकी चेहरा इथे कुणाचाच कुणाला माहीत नाही.
बर्वेसाहेबांना मी चार वर्षं भुवयांवरून ओळखायचे,
ऐरोलीच्या बाजारात समोर आले
तर मी त्यांना दोडक्याचा भाव विचारला.

ही पंचवीस वेफर्सची कॅसेट.
(आत्याला अजून वाटतं, मी केळ्याचे तळते.)
पलीकडे, हवा काढून घेतलेल्या डब्यात
यांच्यावर ॲल्युमिनियम बसलं,
सगळीकडे, सारखं, न निवडता.
जाडी एक मायक्रॉन. तुझा केस सत्तर धर.
त्यावर रेझिस्ट, रेझिस्टमध्ये नकाशा.
झाकलेलं आपलं,
उघडं ते ॲसिडचं.

चाळीस डिग्री झालं? उतरव.
आणि मनगट थांबवू नकोस.
वर, खाली,
मेथी धुताना माती सुटावी म्हणून हलवतेस
तेवढंच.
धातू विरघळताना बुडबुडे सोडतो.
बुडबुडा जिथे चिकटून बसला
तिथे ॲसिड पोचत नाही, बेट राहतं,
टाचणीच्या टोकाहून बारीक,
आणि ज्या दोन वाटांनी कधीच भेटायचं नव्हतं
त्या तिथे हात मिळवतात.
सगळं शॉर्ट.

माझा एक लॉट असाच गेला.
दिघ्याच्या खोलीचं डिपॉझिट जुळवत होते मनात,
हात थांबला असेल. किती?
चार आकडे?
रजिस्टरात बर्व्यांनी कारण लिहिलं : बुडबुडा.
माझं नाव नाही लिहिलं.
तेव्हापासून भाजी त्यांना विचारून घेते.

जास्तही नको.
चंदेरी गेलं, खालचा करडा उघडला की वीस मोजायचे
आणि उचलायचं.
पुढे ॲसिड आडवं शिरतं, रेझिस्टच्या खाली.
वरून रेघ शाबूत दिसते,
महिन्याभराने कुणाच्या तरी पंख्याचा रेग्युलेटर
फिरवता फिरवता मरतो.

सकाळी गाऊन उतरवून
नाक्यावर चहा घेशील, तेव्हा बघ,
ग्लास वर-खाली होत राहील तुझ्या हातात.
माझा अजून होतो.
टपरीवाला लोखंडे म्हणतो,
मॅडम, विरघळली साखर.

हां. कडेने जायला लागलंय बघ चंदेरी.
घड्याळ सोड, रंगाकडे बघ.
आता माझ्याशी बोलू नकोस.
मोज.