हेमंतने घर विकलं

ज्याने त्याने विचारलं, आणि ज्याला त्याला
आम्ही वेगळं कारण दिलं.

ऑफिसात सांगितलं, प्रॉपर्टी टॅक्स.
तो आकडा ऐकला की कुणी पुढे विचारत नाही,
उलट आपलाही सांगतात, दाढ दुखल्यासारखं तोंड करून.
साताऱ्याला आईला सांगितलं, माझे गुडघे.
तिला ते लगेच पटलं. तिचेच आहेत ते.
मित्रमंडळींत हेमंत स्वतःच पुढे व्हायचा,
"नावात थंडी आहे तेवढी पुरे."
लोक हसायचे. मीही हसायचे, चौथ्यांदा, पाचव्यांदा.

सिरॅक्यूजमध्ये अकरा हिवाळे काढले.
काढले, हाच शब्द.
जसे दिवस काढतात, कर्ज काढतात,
विहिरीतला गाळ काढतात.
नोव्हेंबरात दाराशी आलेलं फावडं
एप्रिलपर्यंत तिथेच उभं, घरातल्या माणसासारखं.
आधी आपला ड्राइव्हवे की आधी मिसेस डोम्ब्रोव्स्कींचा,
यावरून आमचं भांडण व्हायचं.
आधी त्यांचाच व्हायचा.
दुपारी पायरीवर फॉइलमध्ये गुंडाळलेला
खसखशीचा रोल, अजून कोमट.

खरं कारण फेब्रुवारीतल्या एका मंगळवारचं आहे.

गॅसचं बिल आलं होतं, तीनशे शहाऐंशी डॉलर.
मी ते सकाळी टेबलावर उघडंच टाकून गेले.
संध्याकाळी येऊन बघते तर सारंग,
वय वर्षं नऊ,
कानटोपी घालून, जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून
भागाकार करत बसलेला.
आम्ही साठवर ठेवायचो.
भिंतीवर पंचावन्न.
"कमी कुणी केलं रे?"
"मला थंडी वाजत नाही," म्हणाला,
आणि वहीत लिहिलं, बाकी चार.

मी दूध तापत ठेवलं.
म्हणजे शेगडीवर हात धरून उभी राहिले
ते ऊतू जाईपर्यंत.

रात्री हेमंतला सांगितलं
तेव्हा तो ओले मोजे काढत होता.
एक निघाला होता, दुसरा टाचेवर अडकलेला.
तसाच बसून राहिला.
मग म्हणाला, "साउथला स्वस्ताई आहे म्हणतात."
आमच्या लग्नाची बोलणीसुद्धा
यापेक्षा लांबली होती.

मिसेस डोम्ब्रोव्स्कींनी कारण विचारलं नाही.
त्या एकट्याच.
जूनमध्ये ट्रक लागला तेव्हा काठी टेकत आल्या,
म्हणाल्या, "फावडं नेताय?"
हेमंत म्हणाला, "नाही, तुम्हाला ठेवतो."
"मी काय करू त्याचं?"
एक्याऐंशी वर्षांच्या त्या. दोघांच्या मध्ये
ते फावडं, उन्हात.

आता स्पार्टनबर्ग, साउथ कॅरोलायना.
घर दोन खोल्यांनी मोठं, हप्ता सहाशेने कमी.
जानेवारीत अंगणात दोरीवर कपडे वाळले,
सोसायटीचं पत्र येईपर्यंत.
गुडघे दुखतातच. आईला कळवलेलं नाही.
हेमंत अजून सकाळी उठून
सिरॅक्यूजचं हवामान बघतो.
"चौदा इंच," म्हणतो,
आणि मग काही बोलत नाही. चहा निवतो.

आणि हा ऑगस्ट.
बाहेर अठ्ठ्याण्णव, आत त्याहून फार कमी नाही.
सारंग बनियनवर, मनगटाला
वहीचं पान चिकटलेलं.
मी काही विचारायच्या आधीच म्हणाला,
"मला उकडत नाही."

मी उठून आकडा बहात्तरवर आणला.
मागच्या अंगणात यंत्र धडधडत सुरू झालं.
त्याने पेन्सिल खाली ठेवली,
आणि तो आवाज ऐकत राहिला,
परक्या गावात रिक्षात बसलेला माणूस
मीटरकडे बघत राहतो, तसा.